मोरू महाराजांचा क्लच

मोरू महाराजांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका पंगतीत, आणि त्या पंगतीत जेवायला कोणीच बसलेलं नव्हतं. लग्न होऊन पुण्याहून अमरावतीला आले, त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. विरजण मागायला मी वाटी घेऊन शेजारच्या ओसरीवर गेले, तर तिथे भिंतीपासून खांबापर्यंत पत्रावळी मांडलेल्या. प्रत्येक पत्रावळीवर एकेक लोखंडी चकती. शेजारी द्रोण, आणि द्रोणांत स्प्रिंगा, नट, वायसर. मधोमध पाटावर एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. कमरेला पंचा, अंगावर जानवं, कपाळाला गंध आणि हातात पाना. वऱ्हाडात श्राद्धाचा असाही काही प्रकार असेल, असं समजून मी उंबऱ्याशीच थांबले.

आतून त्यांच्या पत्नी आल्या. माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे पाहून म्हणाल्या, "या ना बाई, काहून थांबल्या? हे काही सुतक नाई. क्लच हाय."

या अंबूवयनी. आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना याच नावानं हाक मारत. विरजण त्यांनी दिलं, वर "पुण्याकडे विरजण मांगून आणतेत का विकत?" असंही विचारलं. त्या बोलण्यानं मी पहिले काही महिने दुखावली जात असे. पुढे कळलं की वऱ्हाडात ज्याच्याशी जमवायचं असतं त्याच्याशीच असं बोलतात. परक्याशी गोड बोलतात.

मोरू महाराज भिक्षुकी करत. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, थेट अकोल्याच्याही पलीकडे त्यांचे यजमान पसरलेले होते, आणि या सगळ्या मुलखात ते फटफटीवरून हिंडत. धोतराचा कासोटा घट्ट, वर काळा कोट, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, पाठीला पूजेच्या सामानाची पिशवी. लग्नसराईत सकाळचा मुहूर्त बडनेऱ्याला आणि गोरज मूर्तिजापूरला असला तरी महाराज दोन्हीकडे वेळेवर. बाकीचे भटजी त्यांच्यावर जळत आणि गरज पडली की त्यांच्याच मागे बसत.

क्लच म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं. माझे यजमान कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी मला तेच फळ्यावरच्यासारखं समजावलं होतं आणि मला काही कळलं नव्हतं. महाराज म्हणाले, "हे पाहा मास्तरीणबाई. इंजिन म्हणजे नवरदेव. चाक म्हणजे नवरी. क्लच म्हणजे मधातला अंतरपाट. अंतरपाट धरला का दोघं अलग. काढला का दोघं संगं चालाले लागते. पण काढाचा कसा? हळूच. भसकन ओढला त नवरी घाबरते." मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत लागले होते आणि घाबरणाऱ्या नवरीचा अनुभवही ताजा होता, त्यामुळे मुद्दा पटला.

ही फटफटी त्यांच्याकडे आली त्याचीही एक कथाच आहे. मूर्तिजापूरकडचे एक देशमुख वारले. लढाईनंतर लष्करानं विकायला काढलेली ही फटफटी त्यांनी घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव. वडिलांच्या दानाच्या वेळी मुलानं पुढच्या प्रवासासाठी म्हणून गादी दिली, छत्री दिली, जोडे दिले, तांब्या दिला, आणि मग त्याच्या मनात आलं की आमचा बाप पायी कधी गेलाच नाही, तो वर तरी कसा पायी जाईल. त्यानं फटफटीवर पाणी सोडलं आणि ती महाराजांच्या हवाली केली. घरी नेताना ती चालवायची कशी हेसुद्धा महाराजांना ठाऊक नव्हतं. देशमुखांच्या गड्यानं शेतात चार फेऱ्या मारून दाखवल्या, तेवढ्या शिकवणीवर ते अमरावतीला आले.

अंबूवयनींनी दाराशी गाडीला ओवाळलं, कुंकू लावलं. गल्ली जमली होती. महाराजांचा चेहरा फुललेला. त्यांनी बायकोला मागे बसायला सांगितलं, आणि तीही हौशी, आरतीचं तबक हातात तसंच धरून बसली. महाराजांनी क्लच सोडला. गाडी गेली. अंबूवयनी राहिल्या.

रस्त्याच्या मधोमध, नऊवारीत, मांडी घालून, हातात तबक. निरांजनसुद्धा विझलं नव्हतं, असं गल्लीतले लोक शपथेवर सांगत. महाराज अंबागेटपर्यंत पुढे गेले, आणि मागे बायको आहे या समजुतीनं सगळा रस्ता तिच्याशी बोलत होते. "पाह्य, कशी चालून राहिली" वगैरे. बायको एका शब्दानं उत्तर देत नाही म्हणजे खूश असणार, असं त्यांना वाटलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांचा असा समज व्हावा याचं मला नवल वाटत आलं आहे.

अंबूवयनींनी निदान केलं ते असं: "देशमुखानं पाडलं मले. मागची जागा त्याची हाय."

महाराज म्हणाले, "अवं, देशमुख समोर बसत होता. तो मागं काहून बसन?"

"आता समोर तुमी बसता. मंग त्यानं कुठी बसाव?"

काशीपर्यंत जाऊन शास्त्र शिकून आलेला माणूस उठून मागची सीट निरखू लागला. बाईंनी मग अट घातली. ज्या दिवशी ही गाडी झटका न देता चालेल, त्या दिवशी मी बसेन. तोवर अकोल्याला माहेरी जायचं तर मी आपली आगगाडीनं जाईन.

अकोल्याचं नाव निघालं की महाराज पाना हातात घेत. अंबूवयनींचा थोरला भाऊ तिथे राही. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, "भिक्षुकाच्या घरी देऊन राहिलो, जलमभर पायीच फिरन बिचारी." तो विसरूनही गेला असेल. महाराज विसरले नव्हते. बायकोला आपल्या गाडीवर मागे बसवायचं आणि मेहुण्याच्या दारात नेऊन उतरवायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. बाकी देवाकडे मागण्याचं काम ते यजमानांसाठी करत, स्वतःसाठी काही मागताना मी पाहिलं नाही. आणि त्यांच्या इच्छेच्या आड उभा होता तो हा क्लच.

म्हणून दर रविवारी ती पंगत. गाडी मिस्त्रीकडे न्यावी असं कोणी सुचवलं की ते म्हणत, "घरची सोयरीक आन घरचा क्लच, परक्याच्या हाती नाई द्याचा." एकेक चकती काढायची, क्रमानं पत्रावळीवर ठेवायची, पुसायची, उलट क्रमानं बसवायची. पत्रावळींना तोटा नव्हता. मधूनच एखादी मांजर आली, कोणी पोर धावत गेलं आणि क्रम बिघडला, की पुन्हा पहिल्यापासून. चिडत नसत. "मशीन आन यजमान, दोघायले घाई केली का अडते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

त्या जुन्या क्लचमधल्या काही चकत्यांना भोकं असत आणि भोकांत बुचाचे तुकडे दाबून बसवलेले असत. बुचं झिजली की इंजिन नुसतं गर्जे आणि गाडी जागची हलेना. बुचं वरखाली झाली की गाडी बकरीसारखी उडी मारी. नवी बुचं विलायतेहून येणार, म्हणजे येणार नाहीत. मग महाराज बाटल्यांची बुचं आणून कापत, उकळत्या पाण्यात मऊ करून भोकांत ठोकत, आणि चंदन उगाळायच्या मोठ्या सहाणेवर चकती घासून सगळी एका पातळीत आणत. देवाची सहाण घेतली म्हणून अंबूवयनींनी एकदा घर डोक्यावर घेतलं, तेव्हा त्यांनी क्लचसाठी वेगळी सहाण आणली. गल्लीच्या टोकाला डॉक्टरांचा दवाखाना होता. मिक्श्चरच्या बाटल्यांची जुनी बुचं कंपाउंडर महाराजांसाठी राखून ठेवी. त्यामुळे गाडी तापली की तिला पोटदुखीच्या औषधाचा वास येई. महाराज घरी परतले हे आम्हाला आवाजाच्या आधी वासानं कळत असे.

पण दवाखाना पुरा पडेना. तेव्हा महाराजांनी यजमानांना देण्याच्या सामानाच्या यादीत शेवटी एक ओळ घातली. हळद, कुंकू, सुपाऱ्या, खारका, बदाम, आणि खाली "बाटलीची बुचं, असतील तेवढी". शहरातले यजमान हसून चार बुचं पिशवीत टाकत. पण पातूरकडच्या एका खेड्यात वास्तुशांत होती, आणि तिथली म्हातारी पाटलीणबाई यादीच्या बाबतीत कडक होती.

महाराज पोचले तेव्हा सगळी मांडणी तयार होती. चौरंगावर विड्याच्या पानांच्या रांगा. एका रांगेत पानापानावर सुपारी. तिच्या खालच्या रांगेत पानापानावर बूच. प्रत्येक बुचाला हळदकुंकू लावलेलं. म्हातारी हात जोडून म्हणाली, "महाराज, आमच्या गावात बाटली कुठची? पोराले अकोल्याले धाडलं. बुचं कमी त नाई पडनार ना देवाले?"

हे सगळं महाराज आमच्या ओसरीवर बसून सांगत होते. माझे यजमान सहसा हसत नाहीत, तेही चष्मा काढून डोळे पुसत होते. मी विचारलं, "मग सांगितलंत ना, की ही गाडीसाठी आहेत?"

"कसं सांगू मास्तरीणबाई? सारं गाव बसलं होतं. म्हातारीचं हसं झालं असतं. तिनं सुनायले सांगून एकेक बूच धुऊन घेतलं होतं."

"मग केलंत काय?"

"केली पूजा. अक्षता वाहिल्या. आता पूजा कराची त संकल्प पायजे. म्हटलं, मम भार्यायाः वाहनारोहणसिद्ध्यर्थम्. माझी बायको गाडीवर बसो. साऱ्या गावानं हात जोडले."

शेजारून अंबूवयनींचा आवाज आला, "गावाले समजलं असतं त उठून गेलं असतं."

त्या खेड्यात पुढे प्रत्येक वास्तुशांतीला सुपारीच्या खाली बूच मांडण्याची चाल पडली. एकदा दुसरे भटजी गेले तर त्यांनी बुचं मागितली नाहीत म्हणून लोकांना त्यांच्या ज्ञानाची शंका आली, असंही मी ऐकलं. खरंखोटं महाराज जाणोत. पण त्या पुजलेल्या बुचांवर गाडी बरेच दिवस चांगली चालली, हे मात्र मी स्वतः पाहिलं.

क्लच सोडण्याचीही त्यांची रीत होती. संध्येत आचमन करताना केशवाय, नारायणाय, माधवाय या तीन नावांना पाणी प्यायचं आणि गोविंदाय म्हणताना ताम्हनात सोडायचं, हे मुंज झालेल्या प्रत्येकाला माहीत असतं. महाराजांनी ते क्लचला लावलं होतं. केशवायला मूठ सैल, नारायणायला अजून सैल, माधवायला गाडी हलली पाहिजे, गोविंदायला हात मोकळा. माझ्या यजमानांना त्यांनी याच मंत्रावर गाडी शिकवली. आमचे प्रोफेसर नास्तिक. ते एक, दोन, तीन, चार म्हणत, आणि गाडी दर वेळी बंद पडे. महाराज म्हणत, "तुमच्या आकड्यात भाव नाई प्रोफेसर."

परीक्षेचा दिवस ठरलेला होता, दसरा. सकाळी गाडी धुऊन पुसून दाराशी उभी राही. झेंडूचे हार, आंब्याची पानं, दिव्याला कुंकू. पूजा झाली की अंबूवयनी डोक्यावर घागर घेताना ठेवतात तसली कापडाची चुंबळ मागच्या सीटवर ठेवत आणि तिच्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला गडू. परीक्षा त्यांनीच काढली होती. गाडी सुटताना थेंबभर पाणी सांडलं नाही, तर त्या बसणार. गल्ली दोन्ही बाजूंनी श्वास रोखून उभी. महाराज मोठ्यानं केशवाय नमः म्हणत. आणि माधवायच्या आसपास कुठेतरी गडू डुचमळे, पाण्याची एक धार सीटवरून खाली येई.

कोणी हसत नसे. अंबूवयनी पदरानं सीट पुसत, गडू उचलत आणि म्हणत, "पुढच्या दसऱ्याले पाहू." महाराज गाडी आत घेत आणि दुसऱ्याच दिवशी ओसरीवर पत्रावळी मांडत. एके वर्षी मी अंबूवयनींना म्हटलं, अहो, एवढं एवढं तर पाणी सांडलं, बसायचंत की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. "मी बसली त ते क्लच पाहाले कायले बसतीन?" त्या म्हणाल्या. "मंग इतवारी घरी राहतीन का ते? कोन्या गावाले जाऊन बसतीन." मला त्या क्षणी ही बाई फार आवडली.

आम्ही अमरावतीत बरीच वर्षं राहिलो. मग यजमानांना अकोल्याच्या कॉलेजात बोलावणं आलं आणि आम्ही जठारपेठेत घर घेतलं. निघायच्या आधी निरोप घ्यायला गेले, तर महाराज डाव्या मनगटाला कापड गुंडाळून बसले होते. त्या क्लचच्या स्प्रिंगा भारी दणकट. वर्षानुवर्षं ती मूठ आवळून मनगटाचा सांधा सुजला होता. वैद्यांनी गाडी बंद करायला सांगितलं होतं. सकाळी आचमनाची पळी उचलतानासुद्धा पाणी सांडे.

"येता दसरा शेवटचा," महाराज म्हणाले. "मंग गाडी देशमुखाच्या पोराले वापस. त्याच्या बापाची वस्तू हाय."

"आणि अकोला?" मी विचारून बसले.

त्यांनी मनगटाचं कापड सोडून पुन्हा गुंडाळलं. अंबूवयनी माझ्या ओटीत नारळ घालत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात कोणी कोणाला टोमणा मारला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही दोघं अकोल्यात सोनं द्यायला म्हणून आपट्याची पानं घेऊन निघालो होतो. अंबूवयनींच्या भावाचं घर आमच्याच पेठेत, दोन वळणांवर. रस्ता माणसांनी भरलेला. पहिल्या वळणावर लोक बाजूला होताना दिसले आणि बुचं जळल्याचा करपट वास आला, त्यात थोडा पोटदुखीच्या औषधाचा.

मोरू महाराज गाडी ढकलत येत होते. इंजिन बंद. हॅण्डलला झेंडूचा हार, तोही धुळीनं भरलेला. उपरणं सुटलेलं, काळा कोट घामानं ओला. आणि मागच्या सीटवर, एका अंगाला पाय सोडून, पाठ ताठ ठेवून, ठेवणीतल्या जांभळ्या नऊवारीत अंबूवयनी. देवीची पालखी असावी तशा समोर पाहत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी जरा मान हलवली.

मी त्यांच्या बाजूनं चालू लागले. "गडू?" मी विचारलं.

"सांडला," त्या म्हणाल्या. "सांडला म्हणजे पडलाच. चुंबळीसकट."

"मग?"

"मंग काय. ह्यायच्या मनगटात आता पुढचा दसरा नाई. ओल्याच सीटवर बसली."

महाराज धापा टाकत होते, पण बोलल्याशिवाय राहवेना. "हात सुटत नव्हता माझा, मास्तरीणबाई. बडनेऱ्याले, मूर्तिजापूरले, बोरगावले, जिथी जिथी थांबलो तिथी निघताना क्लच पुरा सोडलाच नाई. म्हटलं पडन ही. गोविंदाय म्हनाची हिंमतच नाई झाली."

माझे यजमान हळूच मला म्हणाले, "क्लच अर्धा दाबून गाडी चालवली की बुचं घासून जळतात. सगळी जाळली त्यांनी." इतक्या वर्षांची, दवाखान्यातली, यजमानांकडची, म्हातारीनं पुजलेली, सगळी. अकोल्याच्या नाक्यापाशी आल्यावर इंजिन नुसतं गर्जायला लागलं आणि गाडी जागची हलेना. तिथे अंबूवयनी उतरायला निघाल्या, तर महाराजांनी त्यांना उतरू दिलं नाही.

"नाक्यापासून ढकलताय?" मी म्हटलं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

यजमान हातातली पानं माझ्याकडे देऊन मागून हात लावायला गेले. महाराज थांबले. "नोका प्रोफेसर. तुमी मागून ढकलसान त तिले झटका बसन."

भावाच्या दाराशी माणसं सोनं द्यायला आलेली होती. म्हातारा भाऊ काठी टेकत पायरीवर आला आणि पाहतच राहिला. महाराजांनी गाडी बरोबर उंबऱ्यासमोर आणली आणि दोन्ही पाय रोवून धरली. अंबूवयनी सावकाश उतरल्या. निऱ्या सारख्या केल्या. पदर घेतला.

भाऊ म्हणाला, "कशी आली व बाई? आंग आंबलं असन."

"गाडीवर आली दादा," अंबूवयनी म्हणाल्या. "एक झटका नाई बसला."

गाडी बंद होती, क्लच जळून गेलेला होता, बायको पायरी चढून माहेरात शिरली होती, आणि महाराज अजून सुजलेल्या डाव्या हातानं क्लचची मूठ आवळून उभे होते.